मागची पदे वाचून पुढे जाणाऱ्या क्रमिका: मूळ अवयवांपासून सुरुवात

शाळेत मूळ अवयव पाडायला शिकवतात ते मसावि आणि लसावि काढता यावा म्हणून. परीक्षा झाली की तो धडा संपतो. मला याचे मनापासून वाईट वाटते, कारण ६० = २ × २ × ३ × ५ एवढे लिहिता येणारा कोणीही माणूस ज्या प्रश्नांवर आजही गणिती काम करत आहेत तिथपर्यंत एका दुपारी पोहोचू शकतो. वही, पेन्सिल आणि पाढे इतकेच भांडवल लागते. हा लेख त्या वाटेवर पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी आहे.

आधी एक फरक लक्षात घ्या. ५, ८, ११, १४ ... या क्रमिकेचे शंभरावे पद विचारले तर मधली पदे न लिहिता सूत्राने सांगता येते: ३०२. इथे ज्या क्रमिका बघायच्या आहेत त्यांत असे सूत्र नसते. पुढचे पद ठरते ते मागच्या पदांचे मूळ अवयव बघून आणि आजवर कोणत्या संख्या येऊन गेल्या ते बघून. शंभरावे पद हवे असेल तर आधीची नव्व्याण्णव काढावीच लागतात. नियम एका ओळीचा असतो, पण त्यातून काय निघेल ते आधी सांगता येत नाही.

पहिली क्रमिका हाताने काढा

सुरुवात ईकेजी (म्हणजे आपला ईसीजी) क्रमिकेने करा. जोनाथन एअर्स यांनी ती २००१ मध्ये मांडली. आलेख काढला की हृदयाच्या ठोक्यांच्या पट्टीसारख्या उड्या दिसतात, म्हणून हे नाव. नियम असा: पहिली दोन पदे १ आणि २. त्यानंतर दर वेळी, आधीच्या पदाशी किमान एक मूळ अवयव सामाईक असलेली आणि अजून न वापरलेली सर्वांत लहान संख्या घ्यायची.

वहीच्या डाव्या पानावर १ ते ६० लिहून तक्ता करा, उजव्या पानावर क्रमिका. संख्या वापरली की तक्त्यात तिच्यावर फुली मारायची. हा तक्ता टाळू नका. दहाव्या-बाराव्या पदानंतर "ही संख्या येऊन गेली का?" हे डोक्यात राहत नाही, आणि एक पद चुकले की पुढची सगळीच चुकतात.

आता चालू. २ नंतर २ च्या पाढ्यातली न वापरलेली सर्वांत लहान संख्या ४. मग ६. ६ चे मूळ अवयव २ आणि ३. २ च्या पाढ्यात ८ मोकळी आहे, ३ च्या पाढ्यात खुद्द ३ मोकळी आहे. लहान ३, म्हणून ३. त्यानंतर ९, कारण ३ आणि ६ गेल्या. मग १२. बाराला पुन्हा दोन पाढे: २ च्या पाढ्यात ८, ३ च्या पाढ्यात १५. म्हणून ८. मग १०. दहाला २ चा पाढा १४ देतो आणि ५ चा पाढा ५ देतो, म्हणून ५.

कृती एवढीच आहे. आधीच्या पदाचे मूळ अवयव पाडा, प्रत्येक अवयवाच्या पाढ्यातली पहिली मोकळी संख्या बघा, त्यांतली लहान उचला. पहिली अडतीस पदे अशी येतात:

१, २, ४, ६, ३, ९, १२, ८, १०, ५, १५, १८, १४, ७, २१, २४, १६, २०, २२, ११, ३३, २७, ३०, २५, ३५, २८, २६, १३, ३९, ३६, ३२, ३४, १७, ५१, ४२, ३८, १९, ५७

ही यादी बघून उतरवू नका. निदान पहिली वीस पदे स्वतः काढा आणि मग ताडून बघा. सर्वांत जास्त चुका ३० सारख्या संख्येपाशी होतात, कारण तिला तीन पाढे आहेत: २ चा पाढा २६ देतो, ३ चा ३६, आणि ५ चा २५. पाचाचा पाढा बघायचा राहिला तर २५ ऐवजी २६ लिहिली जाते.

आता थांबून बघा

पद काढण्याइतकेच महत्त्वाचे काम म्हणजे काढलेल्या पदांकडे बघत बसणे. यादीतल्या मूळ संख्यांभोवती गोल करा. ५ च्या आधी १० आणि नंतर १५. ७ च्या आधी १४, नंतर २१. ११ च्या आधी २२, नंतर ३३. १३, १७, १९ यांचेही तसेच. शिवाय मूळ संख्या चढत्या क्रमाने येतात, एकही उलटसुलट नाही.

आता आलेख. आडव्या अक्षावर पदाचा क्रमांक, उभ्यावर पद. तेहतिसावे पद १७, चौतिसावे ५१. सदतिसावे १९, अडतिसावे ५७. म्हणजे मूळ संख्या आपल्या क्रमांकाच्या निम्म्याजवळ येते आणि तिची तिप्पट क्रमांकाच्या दीडपटीजवळ. बाकीची पदे साधारण आपल्या क्रमांकाच्या आसपास राहतात. आठवे पद तर चक्क ८ आहे. हजारभर पदांचा आलेख काढलात तर तीन वेगळे पट्टे स्पष्ट दिसतात.

जेफ्री लागारियास, एरिक रेन्स आणि नील स्लोअन यांनी २००२ मध्ये या क्रमिकेवर शोधनिबंध लिहिला. प्रत्येक विषम मूळ संख्येच्या आधी तिची दुप्पट आणि नंतर तिप्पट येते, असा त्यांचा तर्क होता. तो खरा असल्याची सिद्धता पिओत्र होफमान आणि मार्चिन पिलिप्चुक यांनी २००८ मध्ये दिली. ती सिद्धता नवख्याच्या आवाक्यातली नाही. पण याच क्रमिकेबद्दलची दुसरी एक मोठी गोष्ट तुम्हाला आज, इथेच सिद्ध करता येते.

एकही संख्या सुटत नाही, हे सिद्ध करा

प्रश्न असा: ही क्रमिका पुढे पुढे नेत गेलो तर प्रत्येक नैसर्गिक संख्या कधी ना कधी येते का? की एखादी बिचारी कायमची बाहेर राहते? उत्तर: प्रत्येक येते. तीन टप्प्यांत बघू. घाई न करता, कागदावर लिहीत वाचा.

पहिला टप्पा. समजा एखादी मूळ संख्या 'क' अशी आहे की तिच्या पाढ्यातल्या अनंत संख्या क्रमिकेत येतात. तर मग क चा अख्खा पाढा येतो. का? समजा त्यातली 'म' ही संख्या कधीच येत नाही. क्रमिकेत जेव्हा जेव्हा क च्या पाढ्यातली संख्या येईल, तेव्हा तेव्हा पुढच्या जागेसाठी म ही उमेदवार असेलच. तिला डावलले जाते याचा अर्थ तिच्याहून लहान संख्या निवडली जाते. असे अनंत वेळा व्हायला हवे. पण म हून लहान संख्या मोजक्याच, आणि प्रत्येक एकदाच वापरता येते. म्हणून हे शक्य नाही.

दुसरा टप्पा. क चा अख्खा पाढा आला, तर दुसरी कोणतीही मूळ संख्या 'ख' घ्या. क × ख, २ × क × ख, ३ × क × ख ... या सगळ्या क च्या पाढ्यात आहेत, म्हणून त्या आल्या. पण त्या ख च्याही पाढ्यातल्या आहेत. म्हणजे ख च्या पाढ्यातल्या अनंत संख्या आल्या, आणि पहिल्या टप्प्यानुसार ख चा अख्खा पाढा आला. १ हून मोठी प्रत्येक संख्या कोणत्या ना कोणत्या मूळ संख्येच्या पाढ्यात असतेच, आणि १ तर सुरुवातीलाच आहे. झाले.

तिसरा टप्पा: अशी एक तरी क आहे, हे दाखवायचे राहिले. क्रमिकेतल्या सर्व पदांचे मूळ अवयव मिळून मोजकेच असतील, तर अनंत पदे त्या मोजक्या पाढ्यांत वाटली जाणार, म्हणून एका पाढ्याच्या वाट्याला अनंत येणारच. उलट मूळ अवयव अनंत असतील तर असे बघा. २ सोडून एखादी मूळ संख्या 'प' अवयव म्हणून पहिल्यांदा आली, त्या क्षणी आधीच्या पदाशी सामाईक असलेला मूळ अवयव 'ग' धरा. नवे पद ग आणि प दोघांच्या पाढ्यात आहे. अशांतली सर्वांत लहान ग × प, आणि ती मोकळी आहे, म्हणून नवे पद तेच. याचा अर्थ ग च्या पाढ्यातल्या त्याहून लहान सगळ्या संपलेल्या आहेत. मग पुढचे पद खुद्द प, कारण तेच आता सर्वांत लहान मोकळे उमेदवार. त्याच्या पुढचे पद प च्या पाढ्यातले: ग जर २ असेल तर ३ × प, नाहीतर २ × प. काहीही झाले तरी, येणारी प्रत्येक नवी मूळ संख्या २ च्या किंवा ३ च्या पाढ्यातले एक नवे पद आपल्याबरोबर आणते. मूळ संख्या अनंत, म्हणून २ किंवा ३ यांपैकी एकाच्या पाढ्यातली पदे अनंत. तोच आपला क.

मूळ संख्या चढत्या क्रमानेच का येतात, याचे उत्तरही याच टप्प्यात दडले आहे: प हून लहान एखादी विषम मूळ संख्या अजून आली नसती, तर ग ने तिला गुणून मिळणारी संख्या ग × प च्या आधीच निवडली गेली असती.

मूळ संख्यांबद्दल इतकी पूर्ण आणि इतकी स्वच्छ सिद्धता शाळेच्या ज्ञानावर समजते, हे मला या विषयातले सर्वांत मोठे आकर्षण वाटते.

सुरुवात बदलून बघा

पुढचा प्रयोग. नियम तोच, फक्त दुसरे पद २ ऐवजी ५ ठेवा, आणि शेजारच्या रकान्यात ७ ठेवून दुसरी क्रमिका काढा.

पाचाची: १, ५, १०, २, ४, ६, ३, ९, १२, ८, १४, ७, २१, १५, १८, १६, २०, २२, ११, ३३, २४

साताची: १, ७, १४, २, ४, ६, ३, ९, १२, ८, १०, ५, १५, १८, १६, २०, २२, ११, ३३, २१, २४

दोन्हींचे एकविसावे पद २४. एवढ्याने काही ठरत नाही. सातव्या जागी दोन्हींत ३ आहे, पण पुढे त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. म्हणून दोन्ही तक्ते शेजारी ठेवा आणि फुल्या ताडून बघा. एकविसाव्या पदापर्यंत दोन्हींनी नेमक्या त्याच एकवीस संख्या वापरल्या आहेत, फक्त क्रम वेगळा. शेवटचे पद सारखे आणि वापरलेल्या संख्यांचा संच सारखा, म्हणजे इथून पुढे दोन्ही क्रमिका कायमच्या एक झाल्या. या क्रमिकेला भूतकाळातले एवढेच आठवते: शेवटचे पद कोणते आणि कोणत्या संख्या संपल्या. त्या कोणत्या क्रमाने आल्या हे तिच्या लेखी नाही. कोणतीही नवी क्रमिका हातात घेतली की "हिला नेमके काय आठवते?" हे आधी ठरवा. संगणकावर काम करतानाही तेच साठवायचे असते.

संगणकावर ईकेजी काढायची तर दर पदाला १ पासून शोधत बसू नका. काही हजार पदांनंतर ते फार हळू होते. प्रत्येक मूळ संख्येसाठी 'हिच्या पाढ्यातली पहिली मोकळी संख्या कोणती' याची एक नोंद ठेवा आणि गरज पडेल तेव्हाच ती पुढे सरकवा. हाताने जे करत होतो त्याचेच हे रूप आहे. वापरलेल्या संख्यांसाठी खरे-खोटे अशी यादी पुरते.

दुसरी क्रमिका: युक्लिड-मलिन

मूळ संख्या अनंत आहेत याची युक्लिडची सिद्धता शाळा-कॉलेजात भेटते: ज्ञात मूळ संख्यांचा गुणाकार करा, त्यात १ मिळवा, येणाऱ्या संख्येचा कोणताही मूळ अवयव नवाच असतो. १९६३ मध्ये अल्बर्ट मलिन यांनी हीच कृती पुन्हा पुन्हा करत राहिले तर काय होईल असा प्रश्न विचारला. नियम: २ पासून सुरुवात. आजवरच्या सर्व पदांच्या गुणाकारात १ मिळवा आणि त्या संख्येचा सर्वांत लहान मूळ अवयव हे पुढचे पद.

२ + १ = ३.
२ × ३ + १ = ७.
२ × ३ × ७ + १ = ४३.
२ × ३ × ७ × ४३ + १ = १८०७ = १३ × १३९, म्हणून १३.
पुढे २३४७९ = ५३ × ४४३, म्हणून ५३.
मग १२४४३३५, शेवटी ५, म्हणून ५.

आठवे पद ६२२१६७१, नववे ३८७०९१८३८१०५७१, आणि दहावे एकदम १३९. त्यानंतर २८०१, ११, १७. ईकेजीत मूळ संख्या शिस्तीत येतात; इथे ११ ची पाळी बारावी.

इथे दोन व्यावहारिक गोष्टी. एक्सेलमध्ये ही क्रमिका काढू नका. तिथे संख्येचे पहिले पंधरा अंकच अचूक राहतात, आणि नवव्या पदानंतरचा गुणाकार अठ्ठावीस अंकी होतो. शेवटचे अंक शून्य होतात आणि अवयव सगळे खोटे निघतात. पायथॉन भाषेत पूर्णांक हव्या तेवढ्या अंकांचे राहतात, ती वापरा.

दुसरी गोष्ट अधिक उपयोगी. लहान मूळ संख्या कधी येईल हे बघायला मोठा गुणाकार करावाच लागत नाही, नुसती बाकी सांभाळली की पुरे. ५ साठी बघू. २ ची बाकी २. तिला ३ ने गुणले, ६, बाकी १. ७ ची बाकी २, गुणून २. ४३ ची बाकी ३, गुणून ६, बाकी १. १३ ची बाकी ३, गुणून ३. ५३ ची बाकी ३, गुणून ९, बाकी ४. गुणाकाराची बाकी ४ आली म्हणजे १ मिळवल्यावर ५ ने निःशेष भाग जातो. बाकी ४ ही सहा पदांनंतर पहिल्यांदा आली, म्हणून ५ सातव्या जागी.

प्रत्येक मूळ संख्या या क्रमिकेत येते का, हा मलिन यांचा प्रश्न आजही सुटलेला नाही. पन्नासाच्या आसपास पदेच काढता आली आहेत, कारण पुढच्या संख्या शेकडो अंकी आहेत आणि त्यांचे अवयव पाडणे अतिशय कठीण जाते. ज्ञात पदांत अजून न आलेली सर्वांत लहान मूळ संख्या ४१ आहे.

सर्वांत लहान अवयवाऐवजी सर्वांत मोठा घेतला तर २, ३, ७, ४३, १३९, ५०२०७ अशी वेगळी क्रमिका मिळते, आणि तिच्याबद्दल पुष्कळ काही माहीत आहे. ५ तिच्यात कधीच येत नाही, आणि कारण चार ओळींचे आहे. समजा एखाद्या पायरीला सर्वांत मोठा अवयव ५ आला. २ आणि ३ गुणाकारात आधीच आहेत, म्हणून १ मिळवल्यावर ते भाग देत नाहीत. म्हणजे ती संख्या ५ चा घात: ५, २५, १२५ ... यांतून १ वजा केला तर ४, २४, १२४. प्रत्येकाला ४ ने भाग जातो. पण आपल्या गुणाकारात २ एकदाच आहे, बाकी सगळे विषम, म्हणून त्याला ४ ने भाग जाऊच शकत नाही. कॉक्स आणि व्हॅन डर पोर्टन यांनी १९६८ मध्ये ११, १३, १७ यांसारख्या इतरही मूळ संख्या वगळल्या जातात हे दाखवले, आणि अशा वगळलेल्या मूळ संख्या अनंत आहेत हे अँड्र्यू बुकर यांनी २०१२ मध्ये सिद्ध केले. नियमात 'लहान'च्या जागी 'मोठा' एवढाच बदल, आणि एक प्रश्न सुटतो, दुसरा अडून राहतो.

सरावासाठी आणखी दोन

यलोस्टोन क्रमिका: १, २, ३ पासून सुरुवात. नवे पद शेवटच्या पदाशी सहमूळ हवे, पण त्याच्या आधीच्या पदाशी मात्र सामाईक अवयव हवा. अशी न वापरलेली सर्वांत लहान संख्या घ्या. १, २, ३, ४, ९, ८, १५, १४, ५, ६, २५, १२, ३५, १६, ७ येईपर्यंत चाला.

दुसरीत संख्येचे मूळ अवयव चढत्या क्रमाने शेजारी शेजारी लिहायचे आणि मूळ संख्या मिळेपर्यंत तेच करत राहायचे. १० = २ × ५, म्हणून २५; मग ५५; मग ५११; मग ७ × ७३, म्हणून ७७३, आणि ती मूळ आहे. आता ४९ घ्या: ७७, ७११, ३३७९, ३११०९ ... शंभराहून अधिक पायऱ्या काढूनही ४९ मूळ संख्येपर्यंत पोहोचलेली नाही.

स्वतःची क्रमिका

नियम बनवताना तीन गोष्टी ठरवायच्या: मागचे कोणते पद बघायचे, त्याच्या अवयवांबद्दल काय अट घालायची, आणि अट पाळणाऱ्यांतून कोणती संख्या निवडायची. लगेच वीस-पंचवीस पदे काढा, कारण ऐकायला छान वाटणारे बरेच नियम निरस निघतात. 'शेवटच्या पदाशी सहमूळ असलेली न वापरलेली सर्वांत लहान संख्या' असा नियम केला तर १, २, ३, ४, ५ अशी साधी मोजणी येते. 'आधीच्या सर्व पदांशी सहमूळ' केला तर १ नंतर सगळ्या मूळ संख्या ओळीने येतात. दोन्ही का, ते शोधा; दोन्ही उत्तरे एका ओळीची आहेत.

पदे हाती आली की ओईआयएस या ऑनलाइन संग्रहात शोधा. नील स्लोअन यांनी १९६४ मध्ये क्रमिका जमवायला सुरुवात केली आणि १९९६ पासून हा संग्रह इंटरनेटवर आहे. ईकेजी तिथे ए०६४४१३ या क्रमांकावर आहे, युक्लिड-मलिन ए०००९४५ वर आणि यलोस्टोन ए०९८५५० वर. देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र काप्रेकर (१९०५–१९८६) यांच्या स्वयंभू संख्याही तिथे ए००३०५२ वर आहेत: १, ३, ५, ७, ९, २०, ३१ ... म्हणजे कोणत्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवून जी तयार होत नाही ती.

शोधताना पहिली दोन-तीन पदे सोडा, कारण १, २, ३ ने सुरू होणाऱ्या क्रमिका अगणित आहेत. मधली सात-आठ पदे इंग्रजी अंकांत, स्वल्पविराम देऊन टाका. काहीच सापडले नाही तर आधी स्वतःची पदे पुन्हा तपासा. तरीही सापडली नाही तर खाते उघडून ती पाठवता येते. संपादक तपासून प्रश्न विचारतात. पाठवताना नियम एका वाक्यात असा लिहा की दुसऱ्या कोणालाही नेमकी तीच पदे मिळावीत. सुरुवातीची पदे कोणती, 'सर्वांत लहान' म्हणजे न वापरलेल्यांतली की सर्वांतली, आणि १ ला अवयव मानले आहे की नाही, या तीन गोष्टी त्या वाक्यात असल्याच पाहिजेत.